शाखा नंतर ठरवा, आधी गणिताचं बोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात : आम्ही इंदूरला, सुदामा नगरात राहतो. मुलगा सीबीएसईतून दहावी झाला, ८९ टक्के पडले. सामाजिक शास्त्रात ९७, इंग्रजीत ९३, हिंदीत ९२, विज्ञानात ८५, गणितात (स्टँडर्ड) ७८. त्याला अकरावीला भूगोल, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घ्यायचंय. हे पिथमपूरला नोकरीला आहेत. ह्यांचं म्हणणं, "८९ टक्केवाला मुलगा कधी आर्ट्सला जातो का? सायन्स-मॅथ्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात, पुढे हवं ते कर." सासरे म्हणतात, मुलीने घेतलं असतं तर वेगळी गोष्ट. शेजारी तर तोंडावर विचारतात, "भिया, लड़के को आर्ट्स क्यों दिला रहे हो?" गीता भवनजवळच्या एका क्लासने दोन वर्षांची फी एकरकमी भरल्यास सूट देऊ केलीय, ती रविवारपर्यंत. शाळेचा विषय निवडीचा फॉर्म पुढच्या आठवड्यात द्यायचाय. बापलेकात अबोला आहे. मुलगा आता म्हणतो, "तुम्हीच ठरवा मग." तडजोड म्हणून ह्यांनी अट घातलीय, आर्ट्स घेतलंस तर यूपीएससीच करायची, आत्ताच कबूल हो. मी मधल्या मध्ये सापडलेय. तो दिवसभर ज्या वहीत रमलेला असतो, तिच्या दोन पानांचे फोटो पाठवतेय. काय करू? — एक आई

ताई,

रविवारचं आधी मिटवू. ती फी भरू नका. सूट गेली तर गेली, उन्हाळ्यात या बाजारात एक सूट संपली की दुसरी लागते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याने क्लास मध्येच सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं त्यांत आहे. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात परताव्यासाठी काउंटरवर खेटे घालायची वेळ येऊ नये हे बरं. पण मला पैशापेक्षा पुढची भीती जास्त वाटते. एकदा दोन वर्षांची फी गेली की मुलाने काय शिकावं हा विषयच घरातून संपतो आणि भरलेले पैसे वसूल कसे व्हायचे एवढंच उरतं. मग दिवाळीच्या सुमारास मुलगा फिजिक्समध्ये गटांगळ्या खात असला तरी कुणाच्या तोंडून निघत नाही की बाबा रे, विषय बदलूया का?

आता मूळ प्रश्न. तुमच्या घरात भांडण चाललंय ते सायन्स की आर्ट्स याचं. गंमत म्हणजे सीबीएसईच्या लेखी अशा शाखाच नाहीत. बोर्ड विषयांची यादी देतं. त्यातली एक भाषा हिंदी किंवा इंग्रजी, ती धरून पाच विषय, आणि हवा असेल तर सहावा. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), ह्युमॅनिटीज (आर्ट्स) असे गठ्ठे शाळा बांधतात, आपल्याकडचे शिक्षक आणि वेळापत्रक बघून. म्हणजे ज्या दोन टोकांवर बापलेक उभे आहेत, ती शाळेच्या सोयीने तयार झालेली आहेत. मुलाला हवे असलेले भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, सोबत इंग्रजी आणि पाचवं गणित, असा संच बोर्डाच्या नियमांत बसतो. तुमच्या पत्रात ह्या पर्यायाचा उल्लेखच नाही, त्याअर्थी तो घरात कुणी मांडलेला नसावा.

मी गणितावर का अडून बसलेय ते सांगते.

"सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे" हे वाक्य मी इंदूरच्या घराघरांतून ऐकत आलेय. त्यात तथ्य आहे, पण ते वाटतं तेवढं नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित एकत्र नसेल तर खरोखर काय बंद होतं? बहुतेक बी.टेक. बंद होतं. एनडीएतून भूदलात जाता येतं, पण नौदल आणि हवाई दल नाही. आर्किटेक्चरलाही भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. ही यादी खरी आहे आणि तुमच्या मुलाला यातलं काही हवं असेल तर वाद तिथेच संपला, पीसीएम घ्यावं. पण क्लॅट देऊन कायदा शिकायला कुठलीही शाखा चालते. डिझाइनसाठी एनआयडी, निफ्टला चालते. सीए फाउंडेशनला चालते. आपल्या राऊच्या आयआयएमचा पाच वर्षांचा आयपीएम हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम २०११ पासून चालू आहे, त्यालाही बारावी कुठल्याही शाखेतून चालते. आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. (डेटा सायन्स) पदवी घ्या, तिथेही बारावीची शाखा विचारत नाहीत, गणित दहावीला असलं तरी पुरतं.

आता गणित सोडलं तर काय जातं ते बघा. दिल्ली विद्यापीठाचं बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्र जातं, तिथे गणित किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स (व्यवहारातल्या गणिताचा बोर्डाचा वेगळा विषय) लागतं. भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट. जाते, तिला बारावीचं गणित आणि इंग्रजी लागतं. फिजिक्स-केमिस्ट्री लागत नाही! आणि तुमच्या मुलाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, बॅचलर ऑफ प्लॅनिंग जातं. शहर-नियोजनाची ही पदवी आपल्या शेजारी भोपाळच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहे. प्रवेश जेईई मेनच्या वेगळ्या पेपरातून होतो, त्यात गणित, अभियोग्यता (अॅप्टिट्यूड) आणि नियोजनाचे प्रश्न असतात. बारावीला गणित हवं, भौतिक-रसायनाची अट नाही. आयपीएमच्या परीक्षेत गणिताचा वाटा मोठा असतो, तेव्हा शाखा कुठलीही चालते म्हणून दोन वर्षं गणिताला हातच लावला नाही तर तिथेही पंचाईत.

थोडक्यात, बहुतेक दरवाजांची किल्ली फिजिक्स नसून गणित आहे, आणि गणित घ्यायला भूगोल सोडावा लागत नाही. अकरावीला सुटलेलं गणित नंतर धरणं फार अवघड जातं, इतिहास किंवा राज्यशास्त्राचं तसं नाही, ते पदवीला नव्याने सुरू करता येतं. म्हणून शाखेवरचं भांडण बाजूला ठेवा आणि त्याला एवढंच विचारा, "गणित ठेवशील का?"

आता वहीकडे येते. ते फोटो मी मोठे करून बघितले. पहिल्या पानावर भंवरकुआँ ते विजय नगर हा सिटी बसचा मार्ग आहे, थांब्यांना तीन रंग. मुलं नकाशे काढतातच, त्यात मला विशेष वाटलं नसतं. दुसऱ्या पानावर थांबले. तिथे त्याने रकाने आखलेत : सकाळी नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सात. प्रत्येक वेळेला गीता भवन ते पलासिया किती मिनिटं लागली, ते सात-आठ दिवसांचं. खाली पेन्सिलीने सरासरी काढलीय. संध्याकाळच्या आकड्यांपैकी एकाला गोल करून बाजूला लिहिलंय, "ये वाला मत गिनो, बारात थी." ताई, हा मुलगा सरासरीतून अपवाद वगळतोय. संख्याशास्त्रात या प्रकाराला नाव आहे आणि ते नंतर शिकवतात, ह्याने गरज पडली म्हणून स्वतः केलं. गणितातले ७८ गुण ह्या पानाशी जुळत नाहीत. त्याचा अर्थ गणित त्याला जमत नाही असा मी लावणार नाही, दहावीच्या परीक्षेतलं गणित त्याला कंटाळवाणं झालं असा लावेन. चुकतही असेन, म्हणूनच पुढे एक परीक्षा सुचवलीय.

(मध्येच एक सांगते. होळकर दरबाराने इंदूरच्या नगररचनेसाठी ज्याला बोलावलं तो पॅट्रिक गेडिस मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १९१८ मध्ये शहरावर दोन खंडांचा अहवाल दिला. पुढे मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्र शिकवायला गेला. आज कुठल्या शाळेने त्याला कुठल्या गठ्ठ्यात बांधलं असतं, देव जाणे.)

आता मुलाच्या बाजूच्याही दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत, नुसती त्याची बाजू घेऊन चालणार नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी विषय आवडण्याची कारणं तीन-चारच असतात. खरंच आवडतो, शिकवणारे सर किंवा मॅडम आवडतात, जिवलग मित्र तोच विषय घेतोय, किंवा दुसऱ्या विषयाची धास्ती आहे. पहिलं सोडून बाकी सगळी कारणं अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांत विरून जातात. ९७ गुणांवरही मी फार विसंबणार नाही. दहावीच्या सामाजिक शास्त्रात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र असं चार ठिकाणचं थोडं थोडं असतं. बारावीच्या राज्यशास्त्राच्या पेपरात तीन तास सलग लिहावं लागतं, दोन्ही बाजू मांडून लिहावं लागतं. 'आर्ट्स सोपं' हा समज ज्या मुलांनी घेऊन वर्गात पाऊल टाकलं, त्यांची पहिल्या चाचणीला उडालेली भंबेरी शिक्षकांना विचारा.

तेव्हा असं करा. एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. चार प्रकरणं काढा. गणितातलं 'रिलेशन्स अँड फंक्शन्स'. भौतिकशास्त्रातलं 'मोशन इन अ प्लेन'. 'स्टॅटिस्टिक्स फॉर इकॉनॉमिक्स' पुस्तकातलं माहिती गोळा करण्याचं प्रकरण. आणि 'इंडियन कॉन्स्टिट्यूशन अॅट वर्क'मधलं कुठलंही एक. दर प्रकरणाला दोन-तीन दिवस द्या, क्लास नाही, यूट्यूब अडलं तरच. दहावीचं भौतिकशास्त्र म्हणजे आरसे, भिंगं आणि विजेची मंडलं, अकरावीला ते एकदम सदिश राशींवर उडी मारतं. दहावीला ९५ घेणारी मुलंही तिथे चक्रावतात, तर काही ८०वाली मुलं तिथेच खुलतात. हे आधी कुणाला सांगता येत नाही, करूनच कळतं.

ह्यात गुण मोजू नका. तुम्ही फक्त लक्ष ठेवा की उत्तर चुकलं तेव्हा तो काय करतो. पान उलटून पुढे जातो, की मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधतो? जेवताना आपणहून त्यातलं काही सांगतो का? झोपायची वेळ टळून गेली तरी कुठलं पुस्तक उघडं असतं? तो पुढची दोन वर्षं रोज रात्री ज्या पुस्तकासमोर बसणार आहे, त्याच्याशी त्याचं जमतं का, एवढंच आपल्याला हवंय. भौतिकशास्त्राच्या प्रकरणाला त्याच्या बाबांनी सोबत बसावं, असं मी मुद्दाम सुचवते. शिकवायला नाही, स्वतः सोडवायला. इतक्या वर्षांनी पुन्हा ते सोडवताना त्यांना स्वतःलाच बरंच काही आठवेल, आणि अबोला मोडायला निमित्तही होईल.

तुमच्या यजमानांच्या भीतीला मी हसणार नाही. पिथमपूरच्या कारखान्यांत कायम कोण, ठेक्यावर कोण हे रोज बघणाऱ्या माणसाला मुलाच्या हातात पक्की पदवी असावी असं वाटणं अगदी बरोबर आहे. मानव्यविद्यांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांना उघड सांगायला हवी. नुसत्या बी.ए.वर चांगली नोकरी लागणं कठीण असतं. चांगलं विद्यापीठ, बहुधा इंदूरबाहेरचं, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण हे धरूनच चालावं लागतं. कमाई उशिरा सुरू होते. घराला ते झेपेल का, हा हिशेब वहीवर मांडा. एका बाजूला दोन वर्षांचा क्लास आणि खाजगी कॉलेजातली चार वर्षांची बी.टेक.ची फी लिहा, दुसऱ्या बाजूला सरकारी विद्यापीठाची फी, वसतिगृह आणि एम.ए.ची दोन वर्षं. ही बेरीज घरात कुणी केलेली नसते, तरीही आर्ट्स परवडत नाही असं मत मात्र तयार असतं.

आणि 'सायन्स घे, नंतर हवं ते कर' याबद्दल. विज्ञानातून मानव्यविद्यांकडे येणं सोपं आणि उलट जाणं कठीण, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्या मुलाला खरंच काही कळत नाहीये, त्याच्यासाठी मीही तोच सल्ला देते. पण ज्याला कळतंय त्याला ही दोन वर्षं फुकट मिळत नाहीत. एनआयटी-आयआयटीला जेईईच्या क्रमांकासोबत खुल्या वर्गासाठी बारावीला ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. न आवडणारे तीन विषय ओढत मुलाने ६२ टक्के आणले, तर त्या दरवाजांचं काय झालं? आणि तेच ६२ टक्के घेऊन तो भूगोलाकडे वळला, तर स्वतःला 'सायन्स झेपलं नाही म्हणून इकडे आलेला' असंच समजत राहतो. आवडीने आलेला मुलगा आणि हरून आलेला मुलगा एकाच वर्गात बसले तरी त्यांचं शिकणं वेगळं असतं.

८९ टक्के 'वाया जातात' हे तर मला कधीच कळलेलं नाही. ते त्याने सामाजिक शास्त्र आणि भाषांच्या जोरावर मिळवलेत, गुणपत्रिका पुन्हा वाचा.

आजोबांचं 'मुलीने घेतलं असतं तर वेगळी गोष्ट' हे वाक्य मला बोचलं. ते नातीलाही लागतं आणि नातवालाही. तिच्याकडून कमाईची अपेक्षा नाही म्हणून तिला निवड, ह्याच्याकडून आहे म्हणून ह्याला नाही! सुनेने सासऱ्यांशी हा वाद घालावा असं मी म्हणणार नाही, ते काम मुलाच्या बाबांचं. शेजाऱ्यांना तर उत्तर द्यायचीही गरज नाही. पोहे-जिलेबी खाऊ घाला आणि विषय बदला.

मात्र यूपीएससीची अट मागे घ्यायला लावाच. मला ह्या सगळ्या पत्रात तीच सर्वांत जास्त खटकली. दिसायला ती तडजोड, पण मुलाला आपले आवडते विषय मिळवण्यासाठी दहा वर्षं पुढचं आयुष्य गहाण टाकायला लावणारी. यूपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, बसायचं किमान वय २१, आणि भूगोल हा वैकल्पिक विषय इंजिनिअरही घेतात. म्हणजे ती परीक्षा द्यायची की नाही हे ठरवायला त्याच्याकडे पाच वर्षं आहेत. भंवरकुआँच्या लायब्रऱ्यांमध्ये संध्याकाळी एक चक्कर मारा. पंचविशी उलटलेली किती मुलं दुसरा कुठलाच पर्याय न ठेवता तिथे बसलेली असतात ते बघा. त्यात आपला मुलगा सोळाव्या वर्षी दिलेल्या शब्दापायी असावा, असं तुम्हाला नक्कीच वाटत नसेल. त्यापेक्षा बाबांनी अट बदलावी. 'गणित सोडायचं नाही' ही अट रास्त आहे, उपयोगाची आहे, आणि त्यातून दोघांचाही शब्द राहतो.

मुलाचं "तुम्हीच ठरवा मग" हे होकार समजू नका. तो दमलाय. त्याला सांगा की गणित ठेवायचं की नाही यावर त्याचं म्हणणं लेखी हवंय, एक पान पुरे. बोलताना जी मुलं गप्प होतात, ती लिहिताना बरंच सांगतात, आणि इंग्रजीत ९३ घेणाऱ्याला लिहायचा कंटाळा नसावा.

आता शाळेचं. फॉर्म पुढच्या आठवड्यात असेल तर प्राचार्यांना भेटून थोडी मुदत मागा. नाहीच मिळाली तर तात्पुरते विषय भरा आणि बदल करायची शेवटची तारीख कोणती, हे ईमेलने विचारून ठेवा. तोंडी उत्तरावर राहू नका, कारण अकरावीची बोर्डाकडे नोंदणी होते आणि बारावीत विषय बदलायला शाळेबरोबर बोर्डाचीही परवानगी लागते. "ह्युमॅनिटीजसोबत गणित आमच्याकडे नाही" असं उत्तर येण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा विचारा, अडचण शिक्षकांची आहे की तासिकांची? तासिकांची असेल तर कॉमर्सच्या मुलांचा गणिताचा तास कधी असतो, त्यात ह्याला बसता येईल का? अजून चार-पाच पालक सोबत आले तर शाळा बऱ्याचदा वाट काढते. नाहीच जमलं, तर दुसऱ्या शाळेत हा संच आहे का याची चौकशी आत्ताच करा, जुलै उजाडेपर्यंत थांबू नका.

गणिताची धास्ती खरीच निघाली तर ते सहावा विषय म्हणून घेता येतं. पाच विषयांत इंग्रजी, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेससारखं काहीतरी, सहावं गणित. त्यात पाय घसरला तरी वर्ष जात नाही. अप्लाइड मॅथेमॅटिक्स हाही विषय २०२०-२१ पासून आहे, त्यात व्याज-कर्जाचं गणित, संख्याशास्त्र असं रोजच्या वापरातलं बरंच असतं. दोन्ही गणितं एकत्र घेता येत नाहीत. तुमच्या मुलाने मात्र शक्यतो साधं गणितच घ्यावं. अप्लाइड दिल्लीच्या अर्थशास्त्राला चालतं, पण प्रत्येक संस्था ते धरेलच असं नाही, आणि प्लॅनिंगच्या वाटेवर तो धोका कशाला? क्लास लावायचाच असेल तर गणितापुरता, घराजवळ, महिन्याच्या फीवर लावा.

भूगोलाला बारावीत ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं, आकडेवारीवरून आलेख आणि नकाशे, थोडी जीआयएसची (संगणकावरच्या नकाशांची) ओळख. तुमचा मुलगा ते आत्ताच करून बसलाय. पुढे बी.प्लॅन. हुकलं तरी भूगोल किंवा अर्थशास्त्रात एम.ए. करून नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायची सोय आहे, त्यामुळे ह्या वाटेवर एकच फाटा आहे असंही नाही.

हेच दुसऱ्या घरांतून विचारणाऱ्यांसाठी थोडं. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणतेय आणि गणितही आवडतंय, तर चारही विषय एकत्र घेणं भारी पडतं हे खरं, पण गणित सहावं ठेवून दोन्ही सांभाळणारी मुलं असतात. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. २०२३ पासून बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून दिलेलंही चालतं, म्हणून आज गणित निवडलेल्यांना ती वाट कायमची बंद नाही. कॉमर्सवाल्यांना एकच सांगते, गणित सोडू नका, कारण वर सगळं आलंय. दहावीला बेसिक (स्टँडर्डपेक्षा सोपं) गणित दिलेल्यांनी अकरावीत साधं गणित हवं असेल तर फॉर्मआधी शाळेला विचारून घ्यावं, अप्लाइड त्यांना मिळतं. सीयूईटीत (विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत) बारावीला नसलेला विषयही निवडता येतो असं ऐकून कुणी गणित सोडत असेल, तर ज्या विद्यापीठात जायचंय तिथली पात्रतेची अट आधी वाचा, ती वेगळी असते. डमी शाळेत नाव घालून दिवसभर क्लास असा बेत असेल, तर बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते आणि तपासण्या होतात, हे लक्षात असू द्या. एमपी बोर्डाच्या पालकांनी मंडळाच्या विषयसूचीआधी आपल्या शाळेत कुठल्या विषयाला कायम शिक्षक आहे ते बघावं. दोन वर्षांत तीन अतिथी शिक्षक बदललेला विषय कितीही आवडता असला, तरी घरी कोण शिकवणार हे ठरवूनच घ्यावा.

आणि ताई, ती वही शाळेत भूगोलाच्या शिक्षकांना दाखवा. बाबांना आधी.